अंगठ्यामागची अक्षरे

जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर आजही पूर्वजांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या सापडतात. काही मोडीत, काही महाजनी लिपीत. त्या लिहिणारे पणजोबा हिशेबात चोख होते, पण पदवीधर पणतूला त्यांतील एक ओळ लागत नाही. म्हणून पणतूला कोणी निरक्षर म्हणत नाही. देश सोडून आलेल्या प्रौढाची परीक्षा घेताना मात्र हाच विवेक अनेकदा सुटतो.

२०१५ साली सीरिया, अफगाणिस्तान, इराक, इरिट्रिया आदी देशांतून सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी जर्मनीत पोहोचले. नवागतांसाठी तेथे २००५ पासून भाषावर्ग चालतात. सर्वसाधारण वर्ग ६०० तासिकांचा. प्रवेशापूर्वी प्रत्येकाची पातळी तपासली जाते. रोमन अक्षरांतील कागद पुढे ठेवला आणि तो वाचता आला नाही, तर त्यातून नेमके काय सिद्ध होते? एकाने शाळेचे तोंडही पाहिलेले नसते. दुसऱ्याची शाळा युद्धामुळे किंवा गरिबीमुळे तिसरी-चौथीत सुटलेली असते. तिसरा अरबीत सफाईने वाचतो, लिहितो. त्याला केवळ ही लिपी परकी असते. तिघांचाही कागद कोराच राहतो.

या तिघांना एका बाकावर बसवणे तिघांवरही अन्याय आहे. अरबी जाणणाऱ्याला नवी अक्षरे आणि उजवीकडून डावीकडे वळलेल्या हाताला उलट दिशेची सवय एवढेच हवे असते. कधीच न शिकलेल्या व्यक्तीला मात्र पेन्सिल धरण्यापासून आणि ध्वनीला चिन्ह असते या जाणिवेपासून आरंभ करावा लागतो. म्हणूनच जर्मनीतील साक्षरता-वर्गांना ९०० तासिका दिल्या जातात. गरज पडल्यास आणखी ३००.

यावरून जाणत्या परीक्षकांनी एक क्रम स्वीकारला आहे. प्रथम दुभाष्यामार्फत शालेय पूर्वपीठिका विचारावी, मग मातृभाषेतील छोटा मजकूर वाचायला द्यावा आणि त्यानंतरच नव्या भाषेकडे वळावे. युरोप परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अशा प्रौढांसाठी चार पायऱ्या आखल्या आहेत. तीत अक्षरकौशल्य आणि भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार वेगवेगळे मोजले जातात. कारण बोलण्यात पुढे गेलेला माणूस वाचनात पहिल्याच पायरीवर असू शकतो.

आपल्या जनगणनेची व्याख्याही उदार आहे: सात वर्षे वा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. ‘उल्लास’ या नवसाक्षरता कार्यक्रमाच्या १५० गुणांच्या परीक्षेत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. तोंडी हिशेब अचूक सांगणाऱ्या बाईचे गणित तेथे वेगळे मोजले जाते.

आपल्या दुकानांत, गोदामांत आणि कारखान्यांत बिहार, ओडिशा, बंगालमधून आलेली माणसे राबतात. मराठी फलक वाचता येत नाही म्हणून त्यांच्यापुढे पगारपत्रकासोबत शाईची गादी सरकवली जाते. त्याआधी एकच प्रश्न विचारावा: आपण कोणत्या लिपीत लिहिता? बंगाली वा ओडिया अक्षरांतील सही ही सहीच असते. आणि ज्याला खरोखरच वाचता येत नाही, त्याला रक्कम व मजकूर समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याखेरीज अंगठा घेऊ नये. व्यवहाराची शुद्धता तेथूनच सुरू होते.