जेवणाचे ८८ रुपये

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये : भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार.

भोजनाची रक्कम ३६५ दिवसांत वाटली की रोजचे ८८ रुपयेही पुरते होत नाहीत. त्यातच चहा, नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण. निवासाचे महिन्याला १,६६६ रुपये; एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधून दाखवावी! भाड्याची तूट मग जेवणातूनच निघते.

पैसे थेट खात्यावर येतात, पण हप्त्याने. खाणावळवाल्याला मात्र महिन्याचे आगाऊ द्यावे लागतात. हप्ता लांबला, की दोन वेळचा डबा एक वेळचा होतो किंवा एका डब्यात दोघं जेवतात. रविवारी रात्री तर बऱ्याच खाणावळी बंदच.

२६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन केंद्रांवर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. तेही दुपारीच, ठरलेल्या थाळ्या संपेपर्यंत.