पावसाळ्यानंतर धाप का लागते?

अंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकसारख्या गावी पाऊस लागला की ज्येष्ठांचं सकाळचं फिरणं सुटतं. दसऱ्यानंतर पुन्हा निघावं, तर ओळखीच्या चढावरही धाप लागते. हे वयामुळे होतं का?

वय थोडं कारण, खंड मोठं कारण. व्यायाम थांबल्यावर दोनेक आठवड्यांत रक्तातला द्रवभाग घटतो. दर ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं, म्हणून ठोके वाढतात. पुढे स्नायूंतली ऊर्जा तयार करणारी केंद्रंही कमी होतात. पण सगळंच जात नाही. भातखाचर पडीक राहिलं तरी बांध शाबूत असतात, तशी कमावलेल्या स्नायूंची घडण बरीचशी टिकते.

1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या 5 तरुणांना 3 आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांचा दमसास जितका घटला, तितका पुढच्या 30 वर्षांतही घटला नाही. पन्नाशीत सहा महिने व्यायाम केल्यावर वयाने घटलेला दमसास भरून आला.

दम लवकर परततो. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात. म्हणून सुरुवातीला सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. छातीत दुखलं तर थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा.