हौस जुनी, यंत्र कोणते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, मित्राच्या लग्नात किंवा कॉलनीच्या गणेशोत्सवात हौसेने गाणी वाजविणारे तरुण आज चाळिशी ओलांडून गेले आहेत. नोकरी, संसार आणि मुलांची शिक्षणे यांत ती हौस मागे पडली आणि सीडींच्या पेट्या माळ्यावर गेल्या. आता थोडी सवड मिळू लागल्यावर यांपैकी अनेकांना पुन्हा ‘डीजे’ व्हावेसे वाटते. इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांतून तर गणपती आणि नवरात्र जवळ आले की या हौसेला भरतेच येते. मग यंत्र कोणते घ्यावे, असा प्रश्न त्याला पडतो. आणि मुळात घ्यावेच कशाला, असा प्रश्न घरच्या मंडळींना पडतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

ज्यांना या कलेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. एक गाणे सभागृहात वाजत असता डीजे दुसरे गाणे कानावरील हेडफोनमध्ये ऐकत असतो. पहिल्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची आणि दुसऱ्याची १२६ ठोक्यांची असेल, तर पहिल्याची गती पाच टक्के वाढवावी लागते. तेव्हाच दोन्ही ठेके जुळतात आणि नाचणाऱ्यांची पावले न अडखळता एका गाण्यातून दुसऱ्यात जाता येते. परंतु गती वाढली की स्वरही चढतो. सुमारे सहा टक्क्यांना अर्धा स्वर, म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. हे टाळण्यासाठी चांगल्या डेकवर ‘मास्टर टेम्पो’ नावाची सोय असते. ती गती बदलते, पट्टी बदलू देत नाही. साध्या घरगुती सीडी प्लेअरमध्ये यांपैकी काहीच नसते. म्हणून डेक वेगळा लागतो.

सीडी बाजारात आली १९८२ साली. पायोनियर कंपनीने डीजेंसाठी ‘सीडीजे-५००’ हे यंत्र १९९४ मध्ये काढले, आणि २००१ च्या ‘सीडीजे-१०००’ने ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे हाताने गाणे मागेपुढे ढकलण्याची सोय दिली. गंमत अशी की, हाताखालची मोठी गोल चकती म्हणजे सीडी नव्हेच. सीडी आत आपल्या गतीने फिरत असते. तिच्यावरून वाचलेला आवाज यंत्राच्या स्मरणात साठतो आणि आपला हात त्या साठ्यावर चालतो. पुढे २००७ च्या ‘सीडीजे-४००’मध्ये सीडीबरोबर यूएसबीचीही सोय आली. २००९ चे ‘सीडीजे-२०००’ अनेक वर्षे नृत्यगृहांतून दिसत राहिले. मात्र २०२० मध्ये आलेल्या ‘सीडीजे-३०००’मध्ये सीडी घालण्याची फटच नाही. नावात ‘सीडी’ उरली, यंत्रातून गेली!

निवडीचा खरा पेच येथेच आहे. ज्याची सारी गाणी आज संगणकात आहेत, त्याने जुन्या डेकच्या मोहात पडू नये. लॅपटॉपला जोडावयाचा लहानसा कंट्रोलर त्याला पुरे. परंतु ज्याच्या पेटीत स्वतः जमविलेल्या शे-दोनशे सीडी आहेत, त्याने सीडी आणि यूएसबी दोन्ही वाचणारा डेक पाहावा. ‘सीडीजे-४००’ किंवा २०१० चे ‘सीडीजे-३५०’ या वर्गात बसतात. ही यंत्रे बहुधा वापरलेलीच मिळतात. घ्यावयाची तर एकाच नमुन्याची जोडी घ्यावी. दोन वेगळ्या यंत्रांवर कळांच्या जागा वेगळ्या असतात आणि ऐन वेळी हात चुकतो.

वापरलेले यंत्र पाहावयास जाताना आपल्याच चार-पाच सीडी बरोबर न्याव्यात : एखादी विकतची आणि बाकीच्या घरी भरलेल्या जुन्या. घरी भरलेली सीडी विकतच्या सीडीपेक्षा प्रकाश कमी परावर्तित करते. त्यामुळे यंत्राचा लेसर क्षीण झाला असल्यास पहिली कुरकुर तिथेच ऐकू येते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचे गाणे लावून ते पूर्ण ऐकावे. ‘क्यू’ची कळ वीस वेळा दाबून पाहावी, सर्वांत अधिक झीज तिचीच होते. गतीची पट्टी सावकाश वरखाली करून आकडे उड्या मारतात का, ते पाहावे. सीडी आठ-दहा वेळा आतबाहेर करावी. फटीच्या यंत्रात कागदी लेबल चिकटविलेली सीडी मात्र कधीही घालू नये; ते लेबल सुटून आत अडकते. कोणी आप्त जपानमधून यंत्र आणणार असतील तर मागील पट्टी वाचावी. तिकडे वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. नुसता प्लग बदलून भागत नाही. तसेच डेकची तार मिक्सरच्या ‘लाइन’ या खाचेत जोडावी. ‘फोनो’ ही खाच ग्रामोफोनच्या सुईतून येणाऱ्या क्षीण आवाजासाठी असते. तेथे सीडी लावल्यास आवाज फाटतो.

या सर्वांआधी एक काम करावयाचे आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. घरी भरलेल्या सीडीत आवाज एका रंगद्रव्याच्या थरात उमटलेला असतो. ऊन, उष्णता आणि काळ यांनी तो थर खराब होतो. त्या पेट्यांत केवळ चित्रपटगीतेच असतात असे नाही. कुणाच्या मंगळागौरीची गाणी, आजोबांचे कीर्तन, मंडळाच्या मेळ्याचे ध्वनिमुद्रण, असे पुन्हा कोठेही न मिळणारे धन त्यांत असू शकते. तेव्हा यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी सीडी मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ पुसाव्यात आणि त्यांतील आवाज संगणकावर उतरवून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. डेक आज ना उद्या दुसरा मिळेल. आजोबांचा आवाज मिळणार नाही.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविता येत नाही. सणांच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, एवढेच. घरचा सराव हेडफोनवरही उत्तम होतो, आणि लय जुळविण्याचे कसब कानाचे आहे, भोंग्याचे नव्हे. असा सराव करणाऱ्याला घरच्यांनी दिवसाकाठी एक तास मोकळ्या मनाने द्यावा. त्यानेही माळ्यावरची पेटी उघडताना मुलांना जवळ बसवावे. कोणत्या सीडीवर कोणाचा आवाज आहे, हे तेवढ्यानेच पुढल्या पिढीला कळेल.