वस्तऱ्याची पारख

आजोबांचा वस्तरा माझ्या वाट्याला आला तो एका जुन्या फडक्यात गुंडाळलेला. पातं काळवंडलेलं, मूठ पिवळट. इतकी कळकट वस्तू दिवाणखान्यात कशी मांडायची, म्हणून मी तो एका पॉलिशवाल्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी आरशासारखा लखलखीत होऊन परत आला. मी खूष!

ते सुख आठवडाभर टिकलं. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक सत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी वस्तरा उजेडात तिरपा धरला आणि म्हणाले, "साहेब, ह्याचा जीव गेला की हो!"

धारेच्या टोकाशी निळसर झाक होती. फिरत्या चाकावर पातळ पोलाद चटकन तापतं. तीनशे अंशांच्या आसपास ते निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. पात्यामागच्या दांडीवरची अक्षरंही पुसली गेली होती. आजोबांचा वस्तरा कुणी घडवला, हे आता कधीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी वस्तरे बघायला शिकलो. चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, आणि काकांच्या हाताखाली.

आधी दांडी वाचायची. जुने नावाजलेले वस्तरे मुख्यतः दोन गावांचे : इंग्लंडातलं शेफिल्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन. मुकुटाशेजारी इंग्रजी 'डब्ल्यू आर' असेल तर तो चौथ्या विल्यमच्या काळातला, म्हणजे १८३० ते १८३७ मधला. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे नुसतं गावाचं नाव असलेला वस्तरा बहुधा त्याआधीचा. अर्थात हा अंदाज, पुरावा नव्हे.

मग पातं. शेफिल्डची जुनी पाती जाड, पाचरीसारखी. झोलिंगेनची नंतरची पाती दोन्ही बाजूंनी खोल कोरलेली, इतकी की नखावर हलकेच टेकवली तर धार किंचित लवते. तीन गोष्टींना माफी नाही : चीर, धारेपर्यंत पोचलेले गंजाचे खड्डे आणि उतरलेलं पाणी. वरवरचा काळा डाग मात्र निरुपद्रवी. आपण नेमके त्यालाच घाबरतो!

पाठ विसरू नका. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. धारेचा कोन पाठच ठरवते. पाठ एकीकडे जास्त झिजली असेल, तर कुणीतरी बेफिकीर हाताने वर्षानुवर्षं घासलंय असं समजावं. मधोमध आत वळलेली धारही तेच सांगते. केस कापून दाखवणाऱ्या दुकानदाराला भुलू नये. धार पुन्हा लावता येते, पोलाद बदलता येत नाही.

शेवटी मूठ. आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ हस्तिदंती, असं आमच्या घरात अभिमानाने सांगत. काकांनी ती नाकाशी धरायला लावली. कापराचा वास! म्हणजे सेल्युलॉइड. ते कुजू लागलं की त्यातल्या वाफेने मिटलेलं पातं गंजतं. खात्रीसाठी तापलेली सुई लावू नये. ते भडकन पेटतं.

काकांच्या सलूनमध्ये आता बदलत्या ब्लेडचा वस्तरा असतो. तेच बरं; आजाराची भीती नको. पण जुन्या बाजारातून मी आणलेला एक काळाकुट्ट वस्तरा त्यांनी हौसेने दगडावर घेतला, मग चामड्याच्या पट्ट्यावर. पात्यातून बारीक नाद निघाला तसे ते हसले.

दोन्ही वस्तरे कपाटात शेजारी ठेवलेत. पाहुणे हटकून चकचकीत उचलतात आणि "वा!" म्हणतात. मी गप्प बसतो.

तुमच्या माळ्यावर असा एखादा वस्तरा सापडला, तर पात्यावरून तेलाचं बोट तेवढं फिरवा. पॉलिशवाल्याकडे मात्र नेऊ नका.