औषध कुलपात नको

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड भागातल्या एका हायस्कूलच्या स्वच्छतागृहात पंधरा वर्षांची एक विद्यार्थिनी मृतावस्थेत सापडली. शाळा केव्हाच सुटली होती, रात्रीचे नऊ वाजत आले होते. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं पर्कोसेट ही वेदनाशामक गोळी समजून जे घेतलं होतं, त्यात फेंटॅनिल होतं. मैत्रीण वाचली. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांचे अधीक्षक अल्बर्टो कार्व्हालो यांनी जाहीर केलं, की बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या आपल्या सगळ्या शाळांत नॅलोक्सोन हे अशा ओव्हरडोसवरचं औषध ठेवलं जाईल. पुढे काही महिन्यांनी विद्यार्थ्यांना हे औषध स्वतःजवळ बाळगायचीही परवानगी मिळाली.

शाळेत औषध आलं होतं, तरीही मुलांच्या दप्तरात ते ठेवू देण्याची गरज होती. ती का होती, हे नॅलोक्सोन काम कसं करतं हे पाहिल्यावरच कळतं.

अफूपासून मिळणारं मॉर्फिन, त्यापासून केलेलं हेरॉइन आणि प्रयोगशाळेत बनणारं फेंटॅनिल ही सगळी ओपिऑइड गटातली द्रव्यं. मेंदूतल्या पेशींवर त्यांना बसायला ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथे ओपिऑइड बसलं की वेदना कमी होते, गुंगी येते. पण असेच रिसेप्टर मेंदूच्या तळाशी, श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागातही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ‘श्वास घे’ असा हुकूम तिथून सुटतो. ओपिऑइड जास्त झालं की हा हुकूम सुटायचा थांबतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो, श्वास विरळ होत जातो आणि मग बंद पडतो. ओव्हरडोसमध्ये जीव जातो तो बहुधा असा, श्वास थांबल्यामुळे. हृदय त्यानंतर थांबतं.

गर्दीच्या एसटीत एखादा दांडगा प्रवासी बसलेल्याला उठवून स्वतः खिडकीशी बसावा, तसं नॅलोक्सोन रिसेप्टरवरच्या ओपिऑइडला उठवून ती जागा घेतं. बसल्यावर ते स्वतः काहीच करत नाही. ना गुंगी आणतं, ना वेदना कमी करतं. जागा अडवून धरतं एवढंच, आणि तेवढ्यानं दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. मात्र हा प्रवासी अर्ध्या ते दीड तासात उतरून जाणारा असतो आणि ज्याला उठवलं तो अजून गाडीतच उभा असतो. म्हणून शुद्धीवर आलेलं मूल ‘बरा आहे मी, जातो घरी’ म्हणालं तरी त्याला एकटं सोडायचं नसतं. रुग्णवाहिका बोलवायचीच असते. डोस देण्याआधी किंवा देता देताच ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन झालेला हवा.

औषध नवं नाही. १९६१ मध्ये त्याचा पेटंट-अर्ज झाला, १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. पुढची कितीतरी वर्षं ते इंजेक्शनच्या रूपात भूलतज्ज्ञांच्या आणि आपत्कालीन विभागाच्या हातात होतं. भारतातही ते मुख्यतः असंच, रुग्णालयातलं इंजेक्शन म्हणून ओळखलं जातं. शाळेत ते पोचू शकलं ते नाकात मारायच्या स्प्रेमुळे. नारकॅन या नावाचा चार मिलिग्रॅमचा स्प्रे नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर झाला. सुई नाही, मोजमाप नाही, जोडणी नाही. गणिताचा शिक्षक असो की सफाई कर्मचारी, कोणीही तो देऊ शकतो.

मुलांना याची गरज का पडू लागली? अमेरिकेत १४ ते १८ वयोगटातले ओव्हरडोसचे मृत्यू २०१९ मध्ये पाचशेच्या आसपास होते, २०२१ मध्ये ते हजाराच्या वर गेले. याच काळात शाळकरी मुलांमधलं अमली पदार्थांचं सेवन मात्र वाढलं नव्हतं. मुलं आधीपेक्षा बिघडली होती असं नाही, गोळी बदलली होती. फेंटॅनिल हेरॉइनपेक्षा सुमारे पन्नास पट जहाल असतं. दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड, जीव घेऊ शकते. एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० असे छाप असलेली निळी गोल गोळी औषधाच्या दुकानातल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळीसारखी हुबेहूब दिसते. ती कुणाच्या तरी घरात, मिक्सरमध्ये पूड फिरवून, साच्यात दाबलेली असू शकते. एका गोळीत काहीच नसतं आणि त्याच पुडीतल्या दुसरीत मृत्यू असतो. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनं २०२३ मध्ये तपासलेल्या बनावट गोळ्यांपैकी दहातल्या सात गोळ्यांत जीवघेणा ठरू शकेल एवढा डोस निघाला. परीक्षेच्या ताणानं झोप येत नाही म्हणून मैत्रिणीकडून एक गोळी घेणाऱ्या मुलीला आपण ओपिऑइड घेतोय याचा पत्ताही नसतो. तिचं शरीर त्याला सरावलेलं नसतं, म्हणून ती जास्त लवकर कोसळते.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. मूल भिंतीला टेकून बसलंय, मान खाली. हाक मारली, गदागदा हलवलं, तरी उत्तर नाही. मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासायचं, साधं झोपलेलं मूल त्यानं दचकून उठतं. न उठल्यास तीन गोष्टी बघायच्या: श्वास, ओठ, डोळे. श्वास फार मंद किंवा बंद, किंवा घशात घरघर होऊन विचित्र घोरल्यासारखा. ओठ आणि नखं निळसर, सावळ्या मुलांत राखाडी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तिन्ही खुणा जुळायची वाट पाहायची नाही. उठत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरेसं आहे.

खोक्यात दोन स्प्रे असतात, प्रत्येकात एकच डोस. नेमकी इथे गडबड होते. घरातला कुठलाही स्प्रे आपण आधी हवेत एकदा उडवून पाहतो. हा उडवून पाहिला की संपला. मुलाला उताणं झोपवून, मानेखाली हात घालून डोकं मागे कलवायचं. दोन बोटं नळीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खालच्या दट्ट्यावर. बोटं नाकाला टेकेपर्यंत टोक नाकपुडीत सरकवायचं आणि दट्ट्या एका दमात पूर्ण दाबायचा. आत जाणारं औषध जेमतेम एक-दोन थेंब असतं आणि ते नाकाच्या अस्तरातून रक्तात उतरतं. मुलानं श्वास ओढायची गरज नसते. श्वास बंद असेल तर शिकलेल्या माणसानं तोंडानं श्वास द्यावा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं, कारण उलटी होऊ शकते.

चुकीच्या मुलाला दिलं तर काय, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. ज्याच्या अंगात ओपिऑइड नाही त्याच्यावर नॅलोक्सोनचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. मूल मधुमेहामुळे बेशुद्ध असेल तर ते शुद्धीवर येणार नाही, पण त्याला अपायही होणार नाही. दुसरी भीती असते बेशुद्ध मुलाला हात लावण्याची. कातडीला फेंटॅनिलची पूड लागली म्हणून ओव्हरडोस होत नाही, हातमोजे घालून नंतर साबणानं हात धुतले की झालं. कायद्याच्या भीतीचंही तसंच. सद्भावनेनं डोस देणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायदेशीर संरक्षण आहे.

म्हणजे औषध सोपं आहे, सुरक्षित आहे. अडतं ते दुसरीकडेच. प्राणवायू बंद झाल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. शाळेतला स्प्रे नर्सच्या खोलीत, औषधांच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप असेल तर काय होतं, ते मिनिटांच्या हिशेबानं पाहावं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहातून एक मूल धावत खाली येणार. नर्स त्या दिवशी दुसऱ्या शाळेत असणार, कारण अनेक ठिकाणी एकाच नर्सकडे दोन-तीन शाळा असतात. किल्ली कोणाकडे, हे ऑफिसात विचारणार. मग उलटा प्रवास. कागदोपत्री त्या शाळेत नॅलोक्सोन उपलब्ध आहे, त्या मुलासाठी नाही. माझ्या मते कुलूपबंद नॅलोक्सोन ठेवणाऱ्या शाळेनं ते ठेवलंय असं म्हणूच नये. जिथे हृदय सुरू करणारं डीफिब्रिलेटर यंत्र लावलेलं असतं, तिथेच, भिंतीवर, दिसेल असं हे औषध हवं. चोरीची भीती निरर्थक आहे. नशा न देणारं, उलट नशा उतरवणारं औषध चोरून कोणाला काय मिळणार? मुलं चेकाळतील, ‘वाचवायला स्प्रे आहे’ म्हणून गोळ्या घेतील, अशी शंकाही घेतली जाते. शुद्धीवर येताना होणारी मळमळ, थरथर आणि घाबरलेपण ज्यानं पाहिलंय तो ही शंका घेणार नाही.

आणि लॉस एंजेलिसची ती मुलगी? भिंतीवर पेटी असती तरी शाळा सुटल्यावर बंद दारामागे कोणी पाहिलंच नाही, तर पेटीनं काय केलं असतं? अशा वेळी शेजारी असतं ते दुसरं मूलच. म्हणूनच विद्यार्थ्यांना स्प्रे बाळगू देण्याचा निर्णय मला पहिल्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये त्यासाठी कायदाही केला. मात्र मूल मदत मागेल ते शिक्षेची धास्ती नसेल तरच. ‘मी सांगितलं तर दोघांनाही शाळेतून काढतील’ असं वाटणारी मुलं मैत्रिणीला झोपू देतात, सकाळी उठेल म्हणतात. मदतीला फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे शाळेनं लेखी आणि मुलांच्या कानावर पडेल असं सांगायला हवं.

साठ्याची निगा फार नाही, पण ती नावानिशी एका माणसाकडे सोपवलेली हवी. औषध साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, उन्हात तापलेल्या गाडीत टाकायचं नाही. मुदतीची तारीख दर महिन्याला पाहायची. वापरलेल्या स्प्रेच्या जागी त्याच दिवशी नवा. खेळाच्या सामन्यांना आणि सहलीला जाणाऱ्या पिशवीत वेगळा खोका.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि त्या राज्यानं २०१८ मध्येच कायदा करून हायस्कूलांना हे औषध ठेवणं बंधनकारक केलं, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या आवारातल्या कार्यक्रमांतही. तिथल्या पालकांनी पुढच्या सभेत विचारावं: पेटी कुठल्या मजल्यावर आहे, कुलूप आहे का, नर्स नसताना कोण देतं, संध्याकाळच्या तालमीच्या वेळी काय? ‘आमच्या घरात हा प्रश्नच नाही’ असं मनात येईल, पण आपलं मूल गोळी घेणारं नसलं तरी पाहणारं असू शकतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या किशोरवयीन मुलांच्या ओव्हरडोस मृत्यूंचा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अभ्यास केला. त्यात दोन-तृतीयांश प्रसंगांत जवळपास कोणीतरी होतं, नॅलोक्सोन मात्र तीनात एकाहूनही कमी जणांना मिळालं होतं. आणि बहुतेक मुलं शाळेत नव्हे, घरीच दगावली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हा स्प्रे विकायला मार्च २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. दोन स्प्रेंचा खोका २०२३ मध्ये सुमारे ४५ डॉलरना मिळायचा, अनेक काउंटींच्या आरोग्य विभागांकडे फुकट मिळतो. तो घरी आणून कुठे ठेवलाय ते मुलांना दाखवावं आणि वापरायचा कसा हे त्यांच्याकडूनच एकदा वदवून घ्यावं.