नव्या घराची वॉरंटी : पाच वर्षांचा हक्क आणि तारीख घातलेले एक पत्र



मिक्सर घेताना वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतल्याशिवाय आपण दुकानातून हलत नाही. पण आयुष्यभराची पुंजी आणि डोक्यावर कर्ज घेऊन घर घेतो, तेव्हा मात्र "काही झालं तर मी आहे ना, सर!" एवढ्या शब्दावर विसंबतो. पाथर्डीत माझंही तसंच झालं. नव्या घराच्या दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅबला ओल आली. बिल्डरला फोन केले, तो "करून देतो" म्हणत राहिला. दोन वर्षं फोनवरच गेली. शेवटी कंटाळून गच्चीचं वॉटरप्रूफिंग स्वतःच्या खर्चानं केलं आणि दोषाचा पुरावाही त्याखाली झाकला गेला. हक्क होता, पण तो मागितल्याचा कागद माझ्याकडे नव्हता.

कायदा काय सांगतो?

स्थावर संपदा कायदा 2016 मध्ये झाला. त्यालाच आपण रेरा म्हणतो. आपल्या राज्यात 2017 पासून महारेरा हे प्राधिकरण त्याचं काम पाहते. या कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. नाही केला, तर ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते. 1963 च्या जुन्या सदनिका कायद्यात हीच मुदत तीन वर्षांची होती.

दोष म्हणजे फक्त पडायला आलेली भिंत नव्हे. स्लॅबची गळती, तडे, बाथरूमचा चुकलेला उतार, निकृष्ट फरशी किंवा वायरिंग, करारात कबूल करून न दिलेली सोय, हे सगळं त्यात येतं. मात्र आपणच भिंत फोडली, बाथरूमची तोडफोड केली आणि मग ओल आली, तर बिल्डर हात वर करू शकतो. पाण्याची मोटर, गिझर यांची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते. त्यांची बिलं ताब्याच्या वेळीच मागून घ्या.

पाथर्डीसारख्या गावात पहिला प्रश्न

"प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला आहे का?" हा तो प्रश्न. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावातल्या छोट्या स्कीम बऱ्याचदा याच मापात बसतात. नोंदणी असेल तर क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासा आणि तक्रारही तिथेच ऑनलाइन करा. नोंदणी नसेल तर पाच वर्षांच्या दुरुस्तीची अट करारनाम्यातच लिहून घ्या.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेत असाल, तर तोंडी व्यवहार नको. कामाचा करार करा आणि शेवटच्या हप्त्यातील थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं त्यातच लिहा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ही 'सेवा' मानली आहे. त्यामुळे नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे विसरू नका.

पत्रलेखन इथे उपयोगी पडतं

औपचारिक पत्रात तारीख राहिली की आपण मुलांचे गुण कापतो. इथे तारीख राहिली तर घराचा हक्क जाऊ शकतो. पत्रात इतकंच हवं :

1. ताबा मिळाल्याची तारीख आणि घराचा क्रमांक.
2. कोणता दोष, कुठे, कधीपासून दिसला.
3. कलम 14(3) नुसार 30 दिवसांत दुरुस्तीची मागणी (नोंदणी नसलेल्या घरासाठी करारातील अट).
4. सोबत फोटो.

पत्र स्पीड पोस्टाने नोंदणी व पोचपावतीसह पाठवा आणि प्रत जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं, तरी त्याच दिवशी ते मेसेजमध्ये लिहून पाठवा. दुरुस्ती स्वतः करण्याची वेळ आलीच, तर आधी अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या.

ताबा पावती, नोंदणीकृत करारनामा, नगरपरिषदेचे भोगवटा प्रमाणपत्र आणि ही पत्रं एकाच फाईलमध्ये ठेवा. पाच वर्षं मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून, बुकिंगपासून नव्हे. समजा, 10 जून 2023 ला ताबा मिळाला, तर जून 2028 उजाडण्याआधीच एकदा सगळं घर नीट तपासा. गच्ची आणि भिंती तर प्रत्येक पावसाळ्यानंतर बघा.

पुढच्या वेळी वर्गात पत्रलेखन घेताना हाच विषय द्या. मुलं पत्र लिहायला शिकतील, आणि कदाचित तेच पत्र घरी आई-वडिलांच्या कामी येईल.