अर्धा वॅट पुरतो

विसर्जन मिरवणुकीतले स्वयंसेवक, ट्रेकमधले लीडर, मोठ्या सोसायट्यांचे सुरक्षारक्षक अशा अनेकांच्या कमरेला आता वॉकीटॉकी दिसते. ऑनलाइन मागवली की दोन-चार दिवसांत घरपोच येते. पण घरी आलेला प्रत्येक सेट कायदेशीर असतोच असं नाही. परवाना किंवा सवलत नसेल, तर सेट वापरणं सोडाच, नुसता जवळ बाळगणंही बेकायदा आहे. १९३३च्या वायरलेस कायद्यात ही तरतूद होती, २०२३च्या दूरसंचार कायद्यातही ती आहे.

सर्वसामान्यांच्या सर्वांत उपयोगाची सवलत ऑक्टोबर २०१८च्या नियमांत मिळते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात, अर्ध्या वॅटपर्यंतच्या सेटला परवाना लागत नाही. फक्त त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता असावी लागते. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला परवाना लागतो का, हे ऑनलाइन विक्रेत्यांनी स्पष्ट सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये काढली. तेव्हा पैसे भरण्याआधी या दोन गोष्टी बघाच. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेली जोडीही तपासून घ्या. तिकडचे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात. तिकडची मोकळीक इथे लागू होत नाही.

‘अर्ध्या वॅटने काय होणार?’ असं म्हणत लोक पाच वॅटच्या सेटकडे वळतात. हा मोह सोडावा, असं मला कळकळीने वाटतं. ताकद दहापट झाली तरी अगदी मोकळ्या जागेतसुद्धा पल्ला साधारण तिप्पटच वाढतो, आणि मध्ये डोंगर असेल तर तेवढाही नाही. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा समोर दिसतो, तिथे लहान सेटवरही बोलणं होऊ शकतं. पण सोंडेला वळसा घालून घळीत उतरलेला गडी दोनशे पावलांवर असूनही मुका होतो. अशा वेळी मोठा सेट शोधू नये, धारेवर येऊन बोलावं. अँटेना उभी धरावी आणि सेट छातीशी न दाबता तोंडाच्या उंचीवर आणावा, कारण अंगाने लहरी शोषल्या जातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बटणापाशी. वॉकीटॉकीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की तिसऱ्याला नुसती खरखर ऐकू येते. बटण दाबून क्षणभर थांबावं, नाहीतर पहिला शब्दच कापला जातो. माइक तोंडापासून तीन-चार बोटं दूर आणि किंचित तिरका धरावा. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करावी. ओरडलं की आवाज फाटतो. आधी समोरच्याचं नाव घ्यावं, मग आपलं. ट्रेकमध्ये सर्वांत शेवटी चालणाऱ्या बॅकलीडला लीडरची हाक अशी: ‘बॅकलीड, बॅकलीड, लीड बोलतोय, ओव्हर.’ उत्तर आल्यावरच निरोप सांगावा: ‘खिंडीत थांबलोय. मागे किती जण? ओव्हर.’ ‘नऊ. सगळे ठीक. ओव्हर.’ एवढं पुरे. आकडा आणि ठिकाण ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावं. मिरवणुकीच्या ढोल-ताशात ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

‘प्रायव्हसी कोड’ या नावावर विसंबू नका. त्याने दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर वाजायचं थांबतं, पण तुमचं बोलणं त्यांना ऐकू येतच राहतं. म्हणून सेटवर कुणाचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता सांगू नये.

लांबच्या संपर्काची खरी ओढ असेल, तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची वाट मोकळी आहे. २००४च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा दुसऱ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम सेटवरून निरोप पोहोचवले. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. त्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारखे पट्टे आणि कितीतरी मोठी ताकद मिळते. मात्र तो परवाना त्या व्यक्तीपुरताच असतो. त्याच्या आधारावर मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांना मोठे सेट वाटता येत नाहीत, की धंद्याचे निरोप देता येत नाहीत. त्यासाठी संस्थेला स्वतंत्र परवाना आणि नेमून दिलेली फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते.